आभाराचा आठवडा

हे लोढणं ज्योत्स्नाच्या गळ्यात पडलं ते तिच्या बोलक्या तोंडामुळे.

बियाण्याची कंपनी. मुख्य ऑफिस पुण्याला, विभागाचं अकोल्याला, आणि अमरावतीत बडनेरा रोडवर दीड खोलीचं एक ऑफिस, जिथे ज्योत्स्ना गेली कित्येक वर्षं एकटी फोन सांभाळत होती. कोणत्या शेतकऱ्याच्या प्लॉटवर कोण जाणार, कुणाची मोटारसायकल पंक्चर झाली, कुणाच्या घरी बारसं आहे, हे सगळं तिच्या कानावरून जाई आणि बऱ्याचदा तोंडावाटे पुढेही जाई. त्यामुळे पुण्याच्या लोकांनी जेव्हा ठरवलं की कंपनीतल्या सगळ्या माणसांनी आता एकाच ठिकाणी भेटावं, फोटो टाकावेत, एकमेकांना अडचणी विचाराव्यात, आणि त्यासाठी फोनवर एक नवी जागा उघडली, तेव्हा वऱ्हाडातल्या माणसांना तिथे बोलतं करायचं काम कुणाला द्यावं यावर अकोल्यात फार खल झाला नाही. विभागाचे साहेब खुशालराव म्हणाले, "ज्योत्स्नाबाईले द्या. त्याईले नाईतरी बोलाले मानसं पाह्यजेतच."

त्या जागेचं नाव पुण्याने ठेवलं होतं 'कट्टा'. पुण्यात कट्टा म्हणजे गप्पा मारायची जागा असेल. वऱ्हाडात कट्टा म्हणजे सोयाबीनचं पोतं. गोदामातली माणसं कितीतरी दिवस विचारत होती की मोबाइलमध्ये पोतं कशाला भरायचं.

सुरुवात करणं म्हणजे काय कटकट असते हे ज्याने केलं त्यालाच ठाऊक. आधी नाव टाका, मग फोटो टाका, मग स्वतःबद्दल दोन ओळी लिहा. फोटोच्या जागी कुणी बैल लावला, कुणी गजानन महाराज लावले, एकाने तर लग्नातला जोडीचा फोटो लावला आणि बायकोने तो रागावून काढायला लावला. स्वतःबद्दलच्या दोन ओळींत बहुतेकांनी गावाचं नाव लिहून विषय मिटवला. त्यानंतर रोज सकाळी गुलाबाची फुलं आणि सुप्रभात. पुण्याला फुलं नको होती. त्यांना पाहिजे होतं की पातूरच्या माणसाने कपाशीवरच्या रोगाचा फोटो टाकावा, मोर्शीच्या माणसाने त्यावर उत्तर द्यावं, आणि ते सगळ्या कंपनीने वाचावं.

पण वऱ्हाडातला माणूस अडला की फोन करतो. इमरानला करतो, नाहीतर ज्योत्स्नाला करतो. सगळ्यांदेखत विचारायचं म्हणजे आपल्याला येत नाही हे सगळ्यांदेखत कबूल करायचं, आणि ते कोण करील? ज्योत्स्नाला हे पुरतं समजत होतं. तरी ती प्रत्येकाला फोन करकरून सांगत होती, "लिहा ना बाप्पा कायीतरी. मले बोलणे खा लागतात."

बोलणी ऐकवणारी ती अपेक्षा नावाची पुण्याची मुलगी होती. कट्ट्याचं सगळं तीच पाहायची. वयाने ज्योत्स्नाच्या निम्मी, पण बोलायला गोड. "मॅम, सगळ्या विभागांत वऱ्हाडचंच पान कोरं आहे," ती म्हणायची. मग एकदा तिने सांगितलं की पुढचा आठवडा आभाराचा. ज्याने आपल्याला किंवा आपल्या सोबत्याला मदत केली त्याच्याबद्दल प्रत्येकाने मनापासून चार ओळी लिहायच्या. "तुम्ही स्वतः सुरुवात करा ना मॅम. तुमचं बघून बाकीचे लिहितील."

ज्योत्स्नाला विचार करावाच लागला नाही. आभार मानायच्या लायकीचा एकच माणूस तिच्या डोळ्यांपुढे आला, तो म्हणजे अकोल्याचा इमरान.

झालं होतं ते असं. इमरान आणि देवानंद हे दोघं अकोल्याच्या ऑफिसचे फिरतीवरचे. शेतकऱ्यांच्या शेतात कंपनीचं बियाणं तयार होतं, त्या प्लॉटवर जाऊन पीक पाहायचं, नको ती झाडं उपटायला लावायची, हे त्यांचं काम. मागच्या वर्षी पेरणीच्या आधी देवानंद एका बैठकीसाठी अमरावतीला आला होता आणि ज्योत्स्नाच्या ऑफिसातच, पाण्याचा ग्लास हातात असताना, खाली पडला. हातपाय आखडले, तोंडाला फेस आला. बैठकीला जमलेल्या शेतकऱ्यांपैकी कुणी चप्पल हुंगवायला निघालं, कुणी कांदा आणायला धावलं. ज्योत्स्नाच्या माहेरी एका चुलत भावाला फिट येत असे, त्यामुळे तिने सगळ्यांना मागे सारलं आणि ती त्याला कुशीवर वळवून त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. शुद्धीवर आल्यावर देवानंद पहिलं वाक्य बोलला ते हे, "ताई, कोनाले सांगू नोका."

डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. फिरतीवरच्या माणसाची गाडी बंद म्हणजे नोकरी बंद. देवानंदची मुलगी हर्षा लग्नाची, आणि बापाला फिट येते म्हटल्यावर त्या घरची मुलगी कुणी करत नाही. मग देवानंदने एकट्या इमरानला खरं सांगितलं, आणि इमरानने तोड काढली. "तू माह्ये रिपोर्ट लिही, मी तुह्ये प्लॉट पाह्यतो." पावसाळाभर त्याने आपले प्लॉट करून देवानंदचे पातूरकडचे सगळे प्लॉट पाहिले. देवानंद ऑफिसात बसून दोघांचं लिहिण्याचं काम करत राहिला. एकाही शेतकऱ्याचं काम अडलं नाही, आणि बियाणं तर त्या वर्षी पातूरचंच सगळ्यांत चोख निघालं.

अकोल्यात हे सगळ्यांना माहीत होतं. देवानंदला नेमकं काय झालं हे कंपनीत ज्योत्स्ना आणि इमरान या दोघांनाच, पण तो गाडीवर बसत नाही आणि इमरान त्याचं काम करतो हे गोदामातल्या हमालापासून खुशालरावांपर्यंत सगळ्यांना. फक्त कुणी ते बोलत नव्हतं. ज्योत्स्ना एकदा फोनवर खुशालरावांना सांगायला लागली तेव्हा त्यांनी तिला मध्येच थांबवलं होतं. "बाई, मले शेतातलं सांगा. मानसाईचं नोका सांगू."

ज्योत्स्ना मोर्शीकडच्या शेतकऱ्याची लेक. तिचे वडील कुणी अडल्या वेळी उपयोगी पडलं तर त्याचं नाव चार लोकांत घेत, लग्नात, पंगतीत, बसस्टँडवर, कुठेही. तसं नाव घेतलं नाही तर घेतलेली मदत अंगावर राहते असं ते मानत. इमरानचं नाव अजून कुणीच घेतलं नव्हतं, आणि हे ज्योत्स्नाला कितीतरी दिवस खुपत होतं. आता तर कंपनीच सांगत होती की घ्या. तिने दुपारच्या वेळी ऑफिसचं दार लोटलं, चहा बाजूला ठेवला आणि एकेक अक्षर दाबत लिहिलं:

'आभार मानायचे तर मी अकोल्याच्या इमरानभाऊंचे मानते. मागच्या पावसाळ्यात देवानंदभाऊंची तब्येत बरी नव्हती, त्यांना गाडी चालवता येत नव्हती. इमरानभाऊंनी आपलं काम सांभाळून त्यांचे पातूरकडचे सगळे प्लॉट पाहिले. चिखलात गाडी ढकलली पण एका शब्दाने कुणाला बोलून दाखवलं नाही. असा भाऊ सख्खा पण नसतो. कोणीतरी हे चार लोकांत सांगायला पाहिजे होतं म्हणून मी सांगितलं.'

लिहून झाल्यावर तिचेच डोळे भरून आले. देवानंदच्या आजाराचं नाव आपण घेतलं नाही, याची तिने दोनदा वाचून खात्री केली होती. तेवढं जपलं म्हणजे झालं असं तिला वाटलं.

संध्याकाळपर्यंत त्या चार ओळींखाली बदामांची रांग लागली. नाशिकची, साताऱ्याची, कुठकुठची माणसं वाहवा करत होती. पुण्याच्या एका मोठ्या साहेबाने लिहिलं की अशा माणसांवरच कंपनी उभी आहे. अपेक्षाचा फोन आला, तिला तर बोलताना धाप लागत होती, "मॅम, आजवर कट्ट्यावर इतकं सुंदर कुणीच लिहिलं नव्हतं." ज्योत्स्ना त्या दिवशी घरी जाताना बासुंदी घेऊन गेली. नवऱ्याने विचारलं काय आहे, तर म्हणाली, काही नाही, माझं लिहिलेलं छापून आलं असं समजा.

इमरानचाही फोन आला. "ताई, चांगलं लिहिलं तुमी. आमच्या घरवालीनं, नईमानं, आख्या घराले वाचून दाखवलं. पन..." एवढं म्हणून तो थांबला.

"पन काय, भाऊ?"

"काई नाई. राहू द्या."

लाजला असेल, असं ज्योत्स्ना समजली. आता आठवलं की तिला स्वतःच्या कानशिलात मारून घ्यावंसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी बदामांच्या खाली एक साधीच ओळ आली. लिहिणारा पुण्याच्या कर्मचारी विभागातला कुणी होता. 'सदर काळात श्री. देवानंद यांची पातूर भागातील सर्व प्लॉटवर हजेरी नोंदलेली दिसते. कृपया खुलासा व्हावा.'

ज्योत्स्नाने ती ओळ वाचली, आणि मगच तिला देवानंदच्या फोनची आठवण झाली.

फिरतीवरच्या प्रत्येक माणसाला कंपनीचा एक फोन दिलेला असतो. प्लॉटवर पोचलं की त्या फोनवर हजेरी लावायची. फोन कुठे आहे ते पुण्याला दिसतं. देवानंदचा फोन पावसाळाभर इमरानच्या खिशात होता. शेतकऱ्यांकडे तोच नंबर, त्यांचे फोन त्याच्यावरच यायचे, म्हणून तो नेणं भागच होतं. आणि प्लॉटवर उभं राहिल्यावर इमरान आधी आपल्या फोनवर काम करी, मग देवानंदच्या फोनवर त्याची हजेरी लावी. दुसऱ्याची हजेरी लावणं म्हणजे कंपनीत चोरी धरतात. हे ज्योत्स्नाला माहीत होतं. देवानंदला, इमरानला, सगळ्यांना माहीत होतं. इतकं माहीत होतं की ते कुणापासून लपवायचं आहे हेच ती लिहिताना विसरून गेली. ज्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात त्या बोलायला भीती वाटत नाही, आणि तिच्या 'सगळ्यांत' पुणं कधी नव्हतंच.

तिने घाईघाईने लिहिलेलं पुसून टाकलं. तोवर पुण्यात ज्यांनी वाचायचं त्यांनी वाचलं होतं, आणि पुसल्यामुळे तर त्यांचा संशय पक्काच झाला. अकोल्याच्या ऑफिसात चौकशी लागली. कट्ट्यावर वऱ्हाडातली गुलाबाची फुलंसुद्धा यायची थांबली. ज्योत्स्ना कुणाला फोन करी तर समोरचा माणूस "गाडीवर आहो" म्हणून ठेवून देई.

चौकशीच्या आदल्या दिवशी अपेक्षाने फोन केला. या वेळी तिचा आवाज हळू होता. "मॅम, मी तुम्हाला हे सांगायला नको, पण सांगते. नियम असा आहे की माणसाला खरंच गंभीर आजार असेल, किंवा निदान त्याच्या वरिष्ठांना माहीत असेल, तर मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही. आजारी माणसालाही बसून करायचं काम देतात. पण इमरान काहीच सांगत नाहीयेत. देवानंद यांची कंबर दुखत होती, एवढंच म्हणतात. कंबरदुखीला रजा असते ना. असंच राहिलं तर इमरान यांना काढतील. काय झालं होतं देवानंद यांना?"

ज्योत्स्नाच्या जिभेच्या टोकावर शब्द आला होता. "विचारून सांगते," ती म्हणाली.

सकाळच्या गाडीने ती अकोल्याला गेली. ऑफिससमोरच्या टपरीवर देवानंद तिची वाटच पाहत होता. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. त्याने तिच्यासाठी चहा सांगितला आणि तिने तो घेतला नाही.

"देवानंदभाऊ, आज तुमी सांगून टाका," ती म्हणाली. "एका वाक्यात इमरानभाऊची नोकरी वाचते. तुमचीबी वाचते. मी पुण्याच्या पोरीले विचारून आली."

देवानंद टपरीच्या बाकावर बसला. "ताई, हर्षाचं जमलं. चांदूर रेल्वेचे लोक आहेत. या रविवारी साक्षगंध आहे."

"मंग?"

"मंग काय. त्याईनं आमच्या घरात तीन पिढ्याईची चौकशी केली. कोनाले काई दुखनं आहे का, कोनाले डाग आहे का. मी म्हनलं, नाई. आन आज इथं लिहून देलं का मले फिट येते, तर उद्या ते चांदूरले पोचलंच समजा. तुमाले तर मालूमच आहे कसं पोचते."

हे शेवटचं तो टोचून बोलला नव्हता. तरी ज्योत्स्नाला ते लागलं.

"आन इमरानचं काय?" ती म्हणाली. तिला त्याचा राग येत होता, इतका की आवाज चढला. "त्यानं तुमच्यासाठी जीव काढला. त्याच्या घरी चूल नाई का? तुमची पोरगी ते पोरगी, आन त्याच्या घरच्याईनं काय करावं?"

देवानंदने हात जोडले. भर रस्त्यावर, टपरीवाल्यासमोर. "रविवार होऊ द्या, ताई. मंग मी सोता पुण्याले जातो, सोता सांगतो. आठ दिवसांनं सांगतो. फक्त आज नोका सांगू."

आज सांगितलं नाही तर आठ दिवसांनी सांगून काही उपयोग नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. ज्योत्स्ना काही बोलणार एवढ्यात इमरान आला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, लग्नाला निघाल्यासारखा. त्याने देवानंदचे जोडलेले हात पाहिले, आणि काय चाललं आहे ते त्याला कळलं.

"देवानंद, तू आत जाय," तो म्हणाला. देवानंद गेल्यावर तो ज्योत्स्नाकडे वळला. "ताई, त्याच्या दुखन्याचं तुमी आत काई बोलू नोका. मी सांगितलं त्याईले. फोन मीनं मांगला होता शेतकऱ्याईसाठी. हजेरी मीनं माह्या मनानं लावली. देवानंदले त्यातलं काई मालूम नाई."

"पन हे खोटं आहे."

"खोटंच आहे. पन त्याच्यात एकच मानूस जाते. तुमच्या खऱ्यात पोरीचं लगन जाते."

"माह्यामुळं झालं हे सगळं, इमरानभाऊ. मी लिहिलं नसतं तर..."

"तुमी चांगल्यासाठी लिहिलं. काहून लिहिलं ते मले समजते. नईमा तं रडली होती वाचून. पन आता अजून नोका सांगू, ताई. हर्षा माह्या मांडीवर खेळली. माह्यावर एवढी मेहरबानी करा."

चौकशी खुशालरावांच्या खोलीत होती. पुण्याहून आलेला साहेब टेबलामागे, शेजारी अपेक्षा वही घेऊन, आणि बाजूच्या खुर्चीत खुशालराव, पोटावर हात ठेवून. एकेकाला आत बोलावत होते. दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळे बाहेर बसलेल्या ज्योत्स्नाला सगळं ऐकू येत होतं. गोदामाचा माणूस म्हणाला, आपल्याले का मालूम साहेब, आपन गोदामात असतो. दुसरा म्हणाला, मी सुट्टीवर होतो. तिसरा म्हणाला, मले तं आजच समजलं. हीच माणसं पावसाळाभर गप्प राहिली होती आणि त्यामुळे दोन घरं उभी होती. आज तीच गप्प बसत होती आणि त्यामुळे एक घर बसणार होतं. त्यांचं काही चुकलं असं त्यांना वाटत नव्हतं. बाहेरचा माणूस विचारायला आला की काही माहीत नसतं, एवढंच त्यांना माहीत होतं.

मग ज्योत्स्नाला बोलावलं.

साहेब सभ्य होता. तिला बसायला सांगितलं, पाणी विचारलं. "तुम्ही फार छान लिहिलं होतं, मॅडम. आम्ही सगळ्यांनी वाचलं. मला फक्त एवढं सांगा, इमरान यांनी देवानंद यांचं काम केलं हे इथल्या साहेबांना माहीत होतं का?"

ज्योत्स्नाने खुशालरावांकडे पाहिलं. इमरानने तिला आजाराबद्दल बोलू नका म्हटलं होतं. खुशालरावांबद्दल काही म्हटलं नव्हतं. "माहीत होतं," ती म्हणाली. "सगळ्यांनाच माहीत होतं."

खुशालराव जरासुद्धा हलले नाहीत. "ज्योत्स्नाबाई," ते सावकाश म्हणाले, "मले कोनी सांगितलं होतं? तुमी सांगितलं होतं का?"

कुणी सांगितलं नव्हतं. ती सांगायला गेली तेव्हा त्यांनी सांगू दिलं नव्हतं. माणूस असा जन्मभर सगळं जाणून राहतो आणि त्याला कधी कुणी काही सांगितलेलं नसतं. तिला त्यांचा एवढा तिरस्कार याआधी कधी वाटला नव्हता.

"नाही," ती म्हणाली.

"बरं," साहेब म्हणाला. "आणि देवानंद यांना नेमकं काय झालं होतं? तुम्ही लिहिलं होतं की त्यांना गाडी चालवता येत नव्हती. कंबरेमुळे कुणी सबंध पावसाळा गाडी सोडत नाही. तुम्हाला माहीत असेल तर हीच वेळ आहे सांगायची. त्याने पुष्कळ फरक पडेल."

अपेक्षाने वहीतून डोकं वर काढलं. ती ज्योत्स्नाकडे अशी पाहत होती की जणू तिच्यावतीने उत्तर द्यायला टपली आहे. सांगा ना, असं तिचा सगळा चेहरा म्हणत होता.

दोन शब्द होते. फिट येते. ज्योत्स्नाला वाटलं की सांगावं. इमरानचं ऐकू नये, देवानंदचं तर नाहीच ऐकू. चांदूरच्या लोकांनी मोडलं तर मोडू दे, हर्षाला दुसरा मुलगा मिळेल, इमरानला या वयात दुसरी नोकरी कोण देणार? हे सगळं तिला स्वच्छ दिसत होतं. आणि तिला हेही दिसत होतं की आपण पुन्हा एकदा दुसऱ्याच्या घरातली गोष्ट, त्याला नको असताना, चांगल्यासाठी म्हणून चव्हाट्यावर आणणार आहोत. मागच्या वेळी लिहू नका असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. या वेळी दोघांनी म्हटलं होतं, आणि त्यातला एक तर ज्याला वाचवायचं तोच.

"मला माहीत नाही," ज्योत्स्ना म्हणाली.

"पण तुम्हीच लिहिलं होतं ना मॅम..." अपेक्षा बोलून गेली.

"ऐकलेलं लिहिलं होतं. मला बोलायची सवय आहे."

अपेक्षाने मान खाली घातली आणि लिहून घेतलं. साहेबाने ज्योत्स्नाचे आभार मानले.

निकाल जेवणाच्या सुट्टीआधी लागला. देवानंदला ताकीद मिळाली, कंपनीचा फोन दुसऱ्याच्या हाती दिला म्हणून. इमरानला त्याच दिवसापासून कामावरून कमी केलं. खुशालरावांनी ते वाचून दाखवलं आणि वर म्हणाले की आपल्याला फार वाईट वाटतं. ते वाचून दाखवताना ऑफिसातली सगळी माणसं जमली होती आणि एकानेही इमरानकडे पाहिलं नाही. देवानंद तर भिंतीकडे तोंड करून उभा होता.

ज्योत्स्ना कुणाशी न बोलता निघाली. गेटबाहेर इमरान गाडी काढत होता. तिने मान खाली घालून बाजूने जायचं ठरवलं होतं, पण त्याने गाडी स्टँडवर लावली आणि तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. काहीतरी बोलायला हवं होतं. माफ करा म्हणावं तर तो म्हणू देणार नाही. पुढे काय करणार विचारावं तर विचारायचं तोंड नव्हतं.

इमराननेच उजवा हात छातीवर ठेवला.

"लय उपकार झाले, ताई," तो म्हणाला. "तुमी नाई बोलल्या."

तो मनापासून बोलत होता. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. आणि ज्योत्स्नाला ते आभार, त्याच्यासमोर तिथे उभं राहून, घ्यावे लागले.